कोरीव आणि दाबीव

दुकानवाल्या बाईंनी दाबीव गिटार पसंत केली, तर धाकट्यांना दोन गोष्टी मिळणार होत्या: वर्षभराची मोठी ऑर्डर आणि कारखान्याची पुढची खोली. ऑर्डरचे पैसे त्यांनी मनातल्या मनात केव्हाच खर्च करून टाकले होते. खोलीत खोकी कुठे रचायची, पॅकिंगचं टेबल कुठल्या भिंतीला लावायचं, हेही ठरलं होतं. त्या खोलीत सध्या त्यांचे थोरले भाऊ बसून लाकूड कोरत होते, एवढीच काय ती अडचण.

कारखाना दोघांचा होता आणि पाटीवर नाव वडिलांचं. गिटारीही दोन प्रकारच्या, पण दोन्हींच्या माथ्यावर तेच नाव. जॅझ वाजवणारे जी गिटार घेतात ती, आर्चटॉप. नेहमीच्या गिटारीसारखं तिचं पोट सपाट नसतं. व्हायोलिनसारखं ते मधे फुगीर असतं आणि दोन्ही बाजूंना दोन लांबट, वळणदार भोकं असतात. थोरले तो फुगवटा अखंड फळीतून पटाशीनं आणि अंगठ्याएवढ्या रंध्यानं कोरून काढायचे. एका गिटारीला दोन-अडीच महिने सहज जायचे. धाकट्यांकडे साचा होता. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवायचे, साच्यात घालून दाबायचे, सकाळी फुगवटा तयार. कारागीर पहिलीला कोरीव म्हणायचे आणि दुसरीला दाबीव. दुकानाच्या काचेमागे दोघी शेजारी उभ्या केल्या तर कुठली कोण ते जन्मदात्यालाही सांगता आलं नसतं. किमतीची चिठ्ठी बघितली की मात्र लगेच कळायचं. कोरीव पाचपट महाग होती.

पाचपट का, हे गिऱ्हाईक विचारायचंच. त्याचं उत्तर धाकट्यांना तोंडपाठ होतं. अखंड लाकूड, वर्षानुवर्षं वाळवलेलं. सगळं हातकाम. पॉलिशचा हात इतका पातळ की लाकडाला श्वास घेता यावा. प्रत्येक गोष्टीला ते टक्के लावून सांगायचे, म्हणून कारागीर त्यांना पाठीमागे 'टक्के' म्हणत. टक्क्यांचं उत्तर खोटं अजिबात नव्हतं. त्यात फक्त एक बाब राहून गेलेली होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण तिच्यासाठी कोणी कधी पैसे मोजले नव्हते.

ती बाब म्हणजे वहिनी. थोरल्यांची बायको.

लग्नाआधी त्या एका हॉटेलच्या बँडमध्ये गिटार वाजवायच्या. ऐकलेले लोक सांगतात, वहिनींचा तुकडा सुरू झाला की जेवणाऱ्यांचे चमचे ताटलीत ठेवले जायचे. थोरल्यांची ओळखही तिथलीच. गिटारीची मान वाकडी झाली म्हणून हे दुरुस्तीला गेले आणि दुरुस्ती झाल्यावरही जातच राहिले. लग्नानंतर बँडची वेळ आणि घरची वेळ जुळेना. जाऊ नको असं त्यांना कोणी म्हटलं नाही. जा असंही कोणी म्हटलं नाही. मग एक दिवस बँडनं दुसरा माणूस घेतला.

कोरीव गिटारीची एक खोड असते. नवी असताना तिचा आवाज बंद असतो. पॉलिश वाळलं, तारा चढल्या, तरी लाकूड गप्पच. काही महिने रोज वाजवत राहिलं, की ते थरथरायला शिकतं आणि मग आवाज उघडतो. दाबीवचं तसं नाही. ती पहिल्या दिवशी जशी बोलते तशी दहा वर्षांनीही बोलते, ना कमी ना जास्त. म्हणून आमच्याकडची कोरीव उघडून मिळेल, असा या कारखान्याचा लौकिक होता. ते उघडण्याचं काम वहिनी करायच्या. स्वयंपाकघर आवरलं की जिन्याखालच्या बोळकांडीत स्टुलावर बसायच्या आणि दुपारच्या चहापर्यंत वाजवायच्या.

गाणं नाही वाजवायचं, हा नियम होता. आवडीचं गाणं वाजवत बसलं तर लाकूड त्याच सुरांना उघडतं आणि बाकीच्या ठिकाणी मुकं राहतं. लाडावलेल्या पोरासारखं, एकाचंच ऐकणार. विकायची गिटार सगळ्यांना सारखी बोलली पाहिजे. म्हणून प्रत्येक तार, मानेवरच्या पट्ट्यांमधलं प्रत्येक घर, सारख्याच जोरानं, खालून वर आणि वरून खाली. जिच्यासाठी लोक जेवायचे थांबत होते, ती बाई जिना पुसावा तशी लग्नानंतर रोज दुपारी सूर पुसत बसली.

धाकटे किंमत ठरवायला बसले की लाकूड, खुंट्या, मजुरी, वीज, भाडं असं सगळं धरायचे. वहिनींची दुपार कशातच धरली नव्हती, कारण त्या घरच्या. घरच्या माणसाला मजुरी लावली तर त्याच्या जेवणाचंही बिल काढावं लागेल, असा विनोद त्यांनी एकदा केला होता. सगळ्यांत जास्त वहिनीच हसल्या होत्या. हसण्यासारखं होतंही. धाकट्यांना लहानपणापासून जेवायला त्याच वाढत आल्या होत्या.

वहिनी आजारी पडल्या आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेल्या. तिथं शेवटचा हिवाळाभर एक गिटार त्यांच्याजवळ होती. थोरले खाली करवत चालवायचे, करवत थांबली की वरून पुसट आवाज यायचा, आणि काम चाललंय हे ऐकून ते पुन्हा करवत सुरू करायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनी गेल्या.

त्या गेल्यावर घरानं काय काय गेलं याचा हिशेब मांडला. स्वयंपाक कोण करणार, थोरल्यांच्या गोळ्या कोण लक्षात ठेवणार, नातेवाइकांचे फोन कोण घेणार. लेक दाताच्या दवाखान्यात नोकरी करायची. तिनं यातलं निम्मं उचललं आणि निम्मं वडिलांवर ढकललं. कोरीव गिटारीचं शेवटचं काम थांबलंय, हे त्या हिशेबात कोणी मांडलं नाही. गिटारी पॉलिशवरून थेट खोक्यात जाऊ लागल्या. वर्षाच्या आत दोन परत आल्या. सोबतचा निरोप अगदी सभ्य होता: दिसायला फार सुंदर आहे, पण पूर्वीची ती नाही.

थोरल्यांना वाटलं, लाकूड कमी वाळलं असेल. पुढच्या गिटारीची फळी त्यांनी आणखी पातळ केली. खरं कारण आधी कळलं ते धाकट्यांना. वहिनींच्या नावानं सगळ्यांत जास्त रडले होते तेही हेच, आणि वहिनी नाहीत म्हणजे कोरीव आता परवडत नाही, हे गणित सगळ्यांत आधी सोडवलं तेही यांनीच. दोन्ही खरं होतं. माणसाच्या दोन खिशांत दोन वेगळी नाणी असू शकतात.

लेकीनं एक प्रयत्न करून बघितला. उघडून देण्यासाठी एका संगीतशिक्षकाला पगारावर आणलं. ते बोळकांडीत बसले, खालून वर चार वेळा गेले, कंटाळले आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांना शिकवायच्या चाली जोरजोरात वाजवू लागले. थोरल्यांनी त्यांना चहा दिला, पैसे दिले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. धाकट्यांनी तेवढ्यात हिशेब करून ठेवलाच होता: असा माणूस महिनोन्महिने बसवला, तर गिटार पाचपट नव्हे, आठपट महाग जाईल. घेणार कोण?

अशा वेळी दुकानवाल्या बाई आल्या. त्यांची तीन-चार गावांत वाद्यांची दुकानं होती. बोलायला तुटक, पण व्यवहाराला सरळ. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मला एकच प्रकार ठेवायचाय. ज्या प्रकाराच्या मागे उभं राहून मला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघता येईल तो. तुम्ही दोघं दोन गिटारी द्या. पडद्यामागे एकच माणूस दोन्ही वाजवेल. मी ऐकून निवडेन. जी निवडेन ती लगेच दुकानात नमुना म्हणून नेईन आणि तशाच पुढे मागवत राहीन. वाजवणारा म्हणून दोघा भावांनी एकच नाव सुचवलं, टोपीवाले. हे वहिनींच्या जुन्या बँडमधले. डोक्यावरची टोपी कोणी उतरलेली पाहिली नव्हती, आणि त्यांनी कोणाची बाजू घेतलेलीही पाहिली नव्हती.

आदल्या संध्याकाळी लेक दवाखान्यातून आली ती चप्पल न काढताच वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, वरची काढा."

"कोणती वरची?"

"माहीत असून विचारू नका. आईची. कपाटातली."

थोरले रंध्याची धार बघत होते. ती त्यांनी बघून झाली होती, तरी पुन्हा बघितली.

"ती विकायची नाहीये."

"विकू नका हो. जिंकू तर द्या. हिवाळाभर वाजवलीय आईनं ती. तिच्यापुढे काकांची दाबीव म्हणजे खोकं आहे खोकं. आणि उद्या हरलात तर ही खोली जाईल, कळतंय का? काकांनी मोजमापं घेऊन ठेवलीत. मी बघितलंय त्यांना टेप घेऊन फिरताना."

"मीही बघितलंय."

"मग?"

"मग काय. दिली उद्या तीच, आणि जिंकलो. एक वेळ नेऊ दे बाईंना, मी मन घट्ट करीन. पण बाई म्हणतील, अशाच बारा पाठवा." त्यांनी रंधा खाली ठेवला. "बारा मी कोरून देईन गं. उघडून कोण देईल? तुझ्या आईला बोलावू?"

लेकीनं मग चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी पुढच्याच खोलीत पडदा बांधला. बाई, दोघं भाऊ आणि लेक खुर्च्यांवर बसले. थोरल्यांनी त्या महिन्यात पूर्ण झालेली गिटार दिली होती. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. पडद्यामागून टोपीवाल्यांनी आधी दोन्ही अँप्लिफायर लावून वाजवल्या. त्यात कोणाला काही फरक कळला नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. वायरीतून गेलेला आवाज लाकडाची फारशी विचारपूस करत नाही. उलट दाबीव जरा शहाणी वागली, मोठ्या आवाजात घुमली नाही. धाकट्यांनी मांडी बदलली.

मग अँप्लिफायर बंद करून नुसत्या वाजवल्या. ही खरी कोरीवची जागा. इथंच तिनं खोली भरून टाकायची असते. पहिली वाजली ती मोकळी, साधी, थोडी उथळ, पण हसतमुख. दुसरी वाजली ती दार लावलेल्या खोलीतून कोणी बोलावं तशी. सूर गोड होते, ते फक्त बाहेर येत नव्हते. टोपीवाल्यांनी तीच चाल पुन्हा एकदा वाजवून बघितली, हळू, मग जोरात. शेवटी त्यांचा हात थांबला आणि पडद्यामागून खोकल्याचा आवाज आला.

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. त्या थोरल्यांकडे वळल्या आणि म्हणाल्या, की मी सांगण्याआधी तुमचं मत ऐकायला मला आवडेल. हे काही ठरलेलं नव्हतं. थोरल्यांना अर्थात पहिल्या सुरालाच कळलं होतं की आपली कुठली. दुसऱ्या गिटारीचं नाव घ्यायला त्यांना कोणी अडवलं नसतं. बाईही कदाचित विचारात पडल्या असत्या, एवढा जुना कारागीर म्हणतोय म्हणजे काहीतरी असेल म्हणून.

"पहिली बरी आहे," थोरले म्हणाले.

"तुमची कुठली?"

"दुसरी."

बाईंनी मान हलवली. त्यांनाही पहिलीच बरी वाटली होती. ऑर्डर त्याच टेबलावर ठरली. धाकट्यांनी उठून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथं ठेवावा की काढावा हे त्यांना कळेना, म्हणून तो बराच वेळ तिथंच राहिला.

खोली रिकामी करायला आठवडाही लागला नाही. पटाश्या, रंधे, मापांचे कागद, अर्धवट कोरलेली एक फळी, सगळं जिन्याखालच्या बोळकांडीत आलं. धाकट्यांनी भावाला पगार लावून दिला, आणि कोत्या मनानं नाही, चांगला दिला. काम असं की निघालेली प्रत्येक दाबीव थोरल्यांनी तपासायची आणि सही करायची. दाबीव सगळ्या सारख्या असतात. पहिली तपासली की काम झालं.

अशा एका दुपारी टोपीवाले आले. बोळकांडीत स्टुलावर बसत सहज आलोय म्हणाले, पण सहज येणारा माणूस दोन बस बदलून येत नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, की त्या दिवशी वहिनींनी उघडलेली एखादी का नाही दिलीत? एक तरी शिल्लक असेलच. थोरल्यांनी लेकीला सांगितलेलं कारण त्यांना सांगितलं. टोपीवाले म्हणाले, बघू तरी द्या. लेक वरून गिटारीची पेटी घेऊन आली.

टोपीवाल्यांनी तारा लावल्या आणि रिवाजाप्रमाणे खालून वर निघाले. थोडं वर गेले आणि थांबले. पुन्हा खालून निघाले, पुन्हा थोडं वर जाऊन थांबले. गिटार कानाशी नेली. थोरल्यांना वाटलं सांधा सुटलाय की काय. त्यांनी हात पुढे केला.

"थांबा," टोपीवाले म्हणाले. "शेवटी कोणी वाजवली ही?"

"हिच्या आईनंच. दुसरं कोण."

"काम म्हणून?"

"म्हणजे? काम म्हणूनच. सारखी, सगळीकडे. तिच्याइतकं सारखं कोणाला जमायचं?"

"ही सारखी नाहीये." त्यांनी एक सूर वाजवला. तो बोळकांडीभर पसरला, भिंतीला टेकून परत आला. शेजारच्या घरात बोट ठेवून दुसरा वाजवला. तो नव्या गिटारीसारखा तिथंच बसून राहिला. "इथं बोलते. इथं मुकी. इथं बोलते. या खालच्या चार घरांत तर कोणी पाऊलच टाकलेलं नाही."

मग टोपीवाले वाजवत निघाले. जिथं जिथं गिटार बोलत होती तिथं तिथं बोट ठेवत, चाचपडत, पुढे सरकत राहिले. अंधाऱ्या खोलीत भिंतीला धरून माणूस दाराकडे जातो तसे. चाचपडता चाचपडता सुरांना रांग लागली आणि रांगेचं गाणं झालं. दाटीवाटीचं, संथ, मधेच वर जाऊन क्षणभर रेंगाळणारं. लेकीनं ते कधी ऐकलं नव्हतं. थोरल्यांनी ऐकलं होतं, दुरुस्ती झाल्यावरही हॉटेलात जात होते तेव्हा.

"हे आम्ही सगळ्यांत शेवटी वाजवायचो," टोपीवाले म्हणाले. "मधला हा तुकडा तिचा असायचा."

म्हणजे तो हिवाळाभर वर काम चाललेलं नव्हतं. नियम मोडला होता आणि गिटार विक्रीच्या दृष्टीनं बिघडवून ठेवली होती. ती परीक्षेत दिली असती तर बाईंनी दोन सूर ऐकून बाजूला ठेवली असती. लेकीच्या हे लक्षात आलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. थोरले मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकले होते.

"मी खालून विचारायचो तिला," ते म्हणाले. "जिन्यातून. किती राहिलंय गं?"

थोरल्यांनी वर जिन्याकडे बघितलं.

"ती म्हणायची, होतंय."

टोपीवाल्यांनी गिटार त्यांच्यापुढे धरली. थोरल्यांनी घेतली नाही. वाजवता येत नसलेल्या माणसानं मिठीत धरावी तशी ती नंतर कधीतरी त्यांनी धरली असेल, पण लोकांसमोर नाही. ते उठले, पुढच्या खोलीत गेले आणि दिवसाच्या दाबीव तपासू लागले. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक तपासली, एकेक करून, सगळ्या.

धाकट्यांना हे लेकीकडून कळलं. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, की असल्या गोष्टीची किंमत करणारे शौकीन असतात, विचारून बघू का. म्हणता म्हणता त्यांनाच ते ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, गाणं कुठलं होतं. लेकीला नाव सांगता येईना. ते टोपीवाल्यांकडेही गेले म्हणतात, पण विचारायचं ते न विचारता खुंट्यांच्या भावावर बोलून परत आले.

तर हिशेब असा. बाईंना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघता येईल अशी स्वस्त आणि चांगली गिटार मिळाली. धाकट्यांना ऑर्डर मिळाली आणि उजेडाची खोली मिळाली. त्या बदल्यात जिन्याखालून जाताना त्यांना आता मान खाली घालावी लागते. लेकीला आईची एक अशी गोष्ट कळली जी विचारायला आता आई नाही. थोरल्यांची खोली गेली, पटाशी गेली, आणि बायकोनं शेवटपर्यंत आपल्यासाठी काम केलं हा त्यांचा एकुलता एक दिलासाही गेला. त्यांचं बरंच गेलं, पण मूळ रक्कम भरणारे ते नव्हेत. कोरीवची ती पाचपट किंमत, तो लौकिक, ती पाटी, या सगळ्याचे पैसे भरले वहिनींनी, एकेक दुपार मोजून. आणि त्यातला शेवटचा एक हिवाळा तेवढा त्यांनी कोणाला न विचारता काढून घेतला.